हाताचे काम आणि हातातला मोबाईल

कोल्हापूर शहर दक्षिणेकडे पूर्वी जेथे संपत असे, तेथे आता ते संपत नाही. गारगोटीच्या रस्त्याला लागले की घरांची रांग तुटतच नाही आणि कळंबा हे गाव कोठे सुरू झाले ते पाटी वाचल्याखेरीज कळत नाही. या परिसरात शासकीय औद्योगिक प्रशिक्षण संस्था आहे, मध्यवर्ती कारागृह आहे, आणि एकोणिसाव्या शतकात बांधलेला तो प्रसिद्ध तलाव आहे. करवीरच्या कित्येक पिढ्यांनी या तलावाचे पाणी प्याले. पहिल्या ठिकाणी मुलांना काम शिकवतात. दुसऱ्या ठिकाणी काम हा शिक्षेचा भाग असतो. तिसऱ्या ठिकाणी, तलावाच्या बांधावर, संध्याकाळी फिरायला आलेल्या तरुणांपैकी निम्मे तरी पाण्याकडे पाठ करून मोबाईलकडे तोंड करून उभे असतात. कारण मावळतीचे पाणी पार्श्वभूमीला चांगले दिसते.

या तरुणांना आळशी ठरवून मोकळे होणे सोपे आहे. वडीलधाऱ्यांचा तो आवडता उद्योग आहे. परंतु पंधरा सेकंदांच्या चित्रफितीसाठी दहा वेळा तीच हालचाल करणारा, उजेड कमी पडला म्हणून दुसऱ्या दिवशी पुन्हा येणारा मुलगा आळशी नाही. तो कष्ट घेतो आहे. प्रश्न एवढाच आहे की ते कष्ट कशाच्या खाती जमा होतात.

कळंब्यासारख्या गावात गेल्या तीस-चाळीस वर्षांत जे घडले ते महाराष्ट्रातील शेकडो शहरालगतच्या गावांत घडले. आजोबांनी ऊस लावला, वडिलांनी उद्यमनगरात किंवा गोकुळ शिरगावच्या कारखान्यात पाळी केली, जमिनीचे गुंठे पडले, त्यातून आलेल्या पैशाने मुलगा अभियंता झाला. अभियंता होऊन तो हिंजवडीला गेला. 'पोरगं पुण्याला आयटीत हाय' हे वाक्य आज या भागात एके काळच्या 'मामलेदार कचेरीत लागला' या वाक्याच्या जागी आले आहे आणि लग्नाच्या बाजारात त्याला तेवढाच भाव आहे. जो हिंजवडीला जाऊ शकला नाही तो पाठीवर चौकोनी पिशवी अडकवून शहरात जेवणाचे डबे पोहोचवतो. या दोघांच्याही मनात एक तिसरे चित्र असते, ते 'स्टार्टअप'चे. स्वतःची कंपनी, स्वतःची कल्पना, कोणाची नोकरी नाही, आणि एक दिवस कोणी तरी येऊन त्या कल्पनेची किंमत कोटींत करील.

'स्टार्टअप इंडिया' ही योजना १६ जानेवारी २०१६ रोजी केंद्र सरकारने जाहीर केली, तेव्हापासून हा शब्द तालुक्याच्या महाविद्यालयांच्या फलकांवरही झळकू लागला. त्यात वाईट काही नाही. नोकरी मागणाऱ्यांच्या देशात कोणी नोकरी देणारा होऊ म्हणत असेल तर त्याची पाठ थोपटली पाहिजे. परंतु या शब्दाबरोबर एक विचित्र मोजमापही आले. पूर्वी धंद्याचा हिशेब विक्री, नफा आणि उधारी यांत होत असे. आता तो 'मूल्यांकना'त होऊ लागला. शिकवणीच्या धंद्यातील 'बायजूज' ही कंपनी २०२२ साली २२ अब्ज डॉलर किमतीची समजली जात होती आणि २०२४ साली तिच्यावर दिवाळखोरीची प्रक्रिया सुरू झाली. मधल्या काळात तिच्या विक्रेत्यांनी घराघरांत जाऊन पालकांना कर्जावर टॅब्लेट घ्यायला लावल्याच्या तक्रारी देशभर झाल्या. ज्या वस्तूची कोणाला फारशी गरज नाही ती गरज आहे असे पटवून देण्यात हुशार मुलांची उमेदीची वर्षे गेली, ही त्यातली खरी हानी. पैशाची हानी भांडवलदार सोसतील. त्यांना ती सवय असते.

कोल्हापूरला मात्र हे सारे नवे वाटण्याचे कारण नाही. शहरातील खरी कॉर्नरला एक कॅमेऱ्याचा मानस्तंभ आहे. त्याच्याजवळून रोज हजारो माणसे जातात आणि प्रत्येकाच्या खिशात एक कॅमेरा असतो. तो स्तंभ ज्या कॅमेऱ्याची आठवण म्हणून उभा आहे, तो विकत आणलेला नव्हता. बाबूराव पेंटर यांनी तो कोल्हापुरात, स्वतःच्या हातांनी घडवला होता.

बाबूराव कृष्णराव मेस्त्री यांचा जन्म १८९० सालचा. घराणे कारागिरांचे. कोणत्याही कलाशाळेत न जाता त्यांनी आणि त्यांचे बंधुतुल्य आनंदराव यांनी नाटकांचे पडदे रंगवण्यात असे नाव मिळवले की 'पेंटर' हेच आडनाव होऊन बसले. १९१३ साली दादासाहेब फाळके यांचा 'राजा हरिश्चंद्र' आला आणि या दोघांना चलच्चित्राने झपाटले. कॅमेरा परदेशातून आणावा तर पैसा नाही. शिवाय पहिल्या महायुद्धाचे दिवस. तेव्हा आपणच तो करू, असे या दोघांनी ठरवले. १९१६ साली आनंदराव वारले. ज्याच्याबरोबर स्वप्न पाहिले तोच गेला, हाती अर्धवट यंत्र राहिले. बाबूरावांनी ते सोडले नाही. विष्णुपंत दामले यांच्यासारखा यंत्राची जाण असलेला सहकारी मिळाला आणि कॅमेरा पुरा झाला. १९१७ साली महाराष्ट्र फिल्म कंपनी निघाली. भांडवल दिले ते कोणा पेढीने नव्हे, तर तानीबाई कागलकर या गायिकेने. १९२० साली 'सैरंध्री' पडद्यावर आला.

आजच्या भाषेत याला स्टार्टअप म्हणावे लागेल. संस्थापक दोन, त्यांतला एक मध्येच गेला, तंत्रज्ञान स्वतःचे, भांडवल पुरवणारी व्यक्ती कलेची जाणकार. जाहिरातही बाबूराव स्वतःच करीत. त्यांनी रंगवलेली भित्तिपत्रके ही आपल्याकडील चित्रपटांच्या भित्तिपत्रकांतील अगदी आरंभीची समजली जातात. म्हणजे दिसण्याचा, दाखवण्याचा, लोकांचे लक्ष वेधण्याचा सोस त्यांना नव्हता असे नाही. तो होताच; चित्रपटाचा धंदाच तो. पण क्रम लक्षात घ्यावा. आधी यंत्र, मग चित्र, मग भित्तिपत्रक. आज पुष्कळदा भित्तिपत्रक आधी निघते आणि चित्राचा पत्ता नसतो.

पाच वर्षांनी, १९२५ साली, याच माणसाने 'सावकारी पाश' काढला. पौराणिक कथांना गल्ला मिळत असताना कर्जात बुडालेल्या शेतकऱ्याची गोष्ट पडद्यावर आणणे हे व्यवहाराच्या दृष्टीने शहाणपणाचे नव्हते. परंतु साधन आपल्या हाताचे असले की ते कशासाठी वापरायचे हे ठरवण्याचा अधिकारही आपल्याकडे राहतो. कॅमेरा भाड्याचा असता तर भाडे वसूल करणारा विषयच निवडावा लागला असता.

हीच गोष्ट निराळ्या रीतीने उद्यमनगरात घडली. पंचगंगेकाठच्या मळ्यांत पाणी उपसायला ऑइल इंजिने आली. ती बिघडू लागली. सुटे भाग लांबून मागवावे लागत आणि उसाला पाणी तर थांबवता येत नाही. तेव्हा इथल्या लोहारांनी आणि सुतारांनी आधी दुरुस्ती केली, मग भाग घडवले आणि शेवटी अख्खे इंजिनच तयार केले. म्हादबा मिस्त्री, वाय. पी. पोवार ही नावे त्या भागात आजही आदराने घेतली जातात ती याचसाठी. पुढे ओतकामाचे कारखाने निघाले, शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल येथे औद्योगिक वसाहती झाल्या आणि कोल्हापूरचे ओतीव भाग देशातल्या मोठमोठ्या मोटार कंपन्यांत जाऊ लागले. या साऱ्याच्या मुळाशी कोणतीही चमकदार कल्पना नव्हती. मळ्यात बंद पडलेले एक इंजिन होते आणि त्याचा मालक दारात येऊन बसला होता.

येथे एका मोहापासून सावध राहिले पाहिजे. जुन्या कारागिरीचे गोडवे गाणे हे ज्यांना ती करावी लागत नाही त्यांना फार सोयीचे असते. ओतकामाच्या भट्टीपुढे उन्हाळ्यात आठ तास उभे राहणे, वाळूची धूळ छातीत घेणे, पाळीवरून आल्यावर अंगातला ताप न उतरणे यात काव्य नाही. ज्या बापाने हे वीस वर्षे केले त्याने मुलाला वातानुकूलित कचेरीत बसवण्याचे स्वप्न पाहिले, तर त्याला श्रमप्रतिष्ठेचे धडे देण्याचा अधिकार कोणालाही नाही. आणि आपल्या समाजात हाताचे काम हे नुसते काम कधीच नव्हते. त्याला जात चिकटलेली होती. चामडे कमावणाऱ्याच्या मुलाने ते काम सोडले यात त्याचा ऐतखाऊपणा दिसत असेल, तर पाहणाऱ्याची नजर तपासली पाहिजे. महाराष्ट्र फिल्म कंपनीचेही पुढे काय झाले? १९२९ साली दामले, फत्तेलाल, शांताराम आदी मंडळी बाहेर पडली आणि त्यांनी कोल्हापुरातच 'प्रभात' काढली. १९३३ मध्ये 'प्रभात'ही पुण्याला गेली. गुणी माणसे पुण्याला जाण्याची परंपरा हिंजवडीपेक्षा जुनी आहे.

तेव्हा तंत्रज्ञान चांगले की वाईट, हा वाद निष्फळ आहे. ते कोणाच्या कोणत्या अडचणीवर लागू पडते, हे पाहावे. याचा एक मोठा धडा याच जिल्ह्यात मिळालेला आहे आणि तो विसरला गेला आहे. १९९८ साली वारणानगरच्या सहकारी परिसरात, कोल्हापूर आणि सांगली जिल्ह्यांतील सत्तर गावे संगणकांनी जोडण्याचा प्रकल्प केंद्राच्या पुढाकाराने हाती घेण्यात आला. 'वायर्ड व्हिलेज' असे त्याचे नाव होते. गावोगाव संगणक केंद्रे निघाली. शेतकरी तेथे येऊन जगभरचे ज्ञान घेतील, पिकांचे भाव पाहतील, शासनाचे दाखले मिळवतील, अशी चित्रे रंगवली गेली. त्या काळी परदेशांतील अभ्यासकही वारणेला येऊन गेले.

प्रत्यक्षात शेतकरी त्या केंद्रांत आला तो मुख्यतः एकाच कामासाठी. आपल्या उसाची नोंद झाली का, तोड कधी येणार, काट्यावर वजन किती भरले आणि बिल किती झाले, एवढे त्याला हवे होते. इंटरनेटच्या महासागरात डुंबायला तो आलाच नाही. पुढे संगणक जुने झाले, त्यांची देखभाल जड होऊ लागली. तेव्हा २००६-०७ च्या सुमारास बंगळूरच्या मायक्रोसॉफ्ट संशोधन संस्थेतील काही जणांनी सात गावांत एक साधा प्रयोग केला. संगणक काढून त्याजागी साधा मोबाईल ठेवला आणि उसाची तीच माहिती लघुसंदेशाने मिळण्याची सोय केली. काम भागले. शेतकरी खूश झाले; कारण घरच्या फोनवरूनही वजन विचारता येऊ लागले.

या गोष्टीकडे अपयश म्हणून पाहणारे आहेत. एवढा खर्च करून शेवटी वजनाची पावतीच पाहिली, असे ते म्हणतात. त्यांना ऊस ठाऊक नाही. ज्याने बारा-चौदा महिने पीक सांभाळले आहे, ज्याची तोड लांबली तर उसाला तुरे येऊन वजन घटते, त्याच्या दृष्टीने काट्याच्या आकड्याइतके महत्त्वाचे ज्ञान जगात दुसरे नसते. वारणेचा तो लघुसंदेश शेतकऱ्याच्या आणि त्याच्या श्रमाच्या फळाच्या मध्ये उभा राहिला नाही. त्याने मधला पडदा बाजूला केला. शेतकऱ्याला काय हवे हे प्रकल्प आखणाऱ्यांनी आधी ठरवून टाकले होते आणि शेतकऱ्याने ते मुकाट्याने दुरुस्त केले. एवढी स्वच्छ दुरुस्ती फार थोड्या योजनांच्या नशिबी येते.

समाजमाध्यमांची गोष्ट इतकी सरळ नाही. ऑगस्ट २०१९ मध्ये पंचगंगेला महापूर आला तेव्हा कोणत्या गल्लीत माणसे अडकली आहेत, कोठे नाव पाठवायची, कोणत्या शाळेत जेवण शिजते आहे, हे सारे व्हॉट्सॲपवरून क्षणात पसरत होते. एरवी मोबाईलवर वेळ घालवणारी म्हणून ज्यांना बोलणी बसत, त्याच पोरांनी त्या आठवड्यात कोल्हापूर सावरायला हात लावला. आणि चारच वर्षांनी, ७ जून २०२३ रोजी, काही जणांनी मोबाईलवर ठेवलेल्या आक्षेपार्ह 'स्टेटस'वरून याच शहरात दगडफेक झाली, लाठ्या चालल्या, इंटरनेट बंद करावे लागले. शाहू छत्रपतींच्या नगरीत असे घडावे याची हळहळ सर्वांनी व्यक्त केली. परंतु हळहळ करून यंत्र समजत नाही. पुरात निरोप पाठवणाऱ्याला उत्तराची गरज होती. त्याचा निरोप एका घरापासून एका नावेपर्यंत जात होता. स्टेटस ठेवणाऱ्याला उत्तर नको होते. त्याला कोणी तरी पाहायला हवे होते. आणि हे मंच चालवणाऱ्यांची कमाई माणूस किती वेळ पाहत राहतो यावर असल्याने, राग हा त्यांच्या दृष्टीने चांगला माल ठरतो. नाव वेळेवर पोहोचली म्हणून त्यांना दोन पैसे जास्त मिळत नाहीत.

पाहिले जाणे म्हणजेच काम, अशी समजूत रुजली की खरे काम करणाऱ्याचे काय होते, हे कोल्हापुरी चपलेने नुकतेच दाखवले. जून २०२५ मध्ये मिलान येथे 'प्राडा' या इटालियन कंपनीने आपल्या नव्या पोशाखांचे प्रदर्शन केले. त्यात पुरुषांच्या पायांत ज्या चपला होत्या त्या कोल्हापूरचे शेंबडे पोरही ओळखील अशा होत्या. फक्त कोल्हापूरचे नाव कोठे नव्हते. या चपलेला २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळालेले आहे, महाराष्ट्रातील चार आणि कर्नाटकातील चार जिल्ह्यांना मिळून. समाजमाध्यमांवर गदारोळ उठला. महाराष्ट्र चेंबरने पत्र धाडले, आणि त्या बड्या कंपनीने चपलेचे मूळ भारतीय कारागिरीत असल्याचे मान्य केले. जुलैमध्ये तिची माणसे कोल्हापुरात येऊन कारागिरांना भेटली. डिसेंबर २०२५ मध्ये दोन्ही राज्यांच्या चर्मोद्योग महामंडळांशी करार झाला; सुमारे ८०० युरो किमतीचे दोन हजार जोड इथल्या कारागिरांच्या सहभागाने करायचे ठरले.

हा समाजमाध्यमांचा विजय होता यात शंका नाही. पूर्वीचा काळ असता तर सुभाषनगरच्या कारागिराला मिलानमध्ये काय चालले आहे याचा पत्ता वर्षभर लागला नसता, आणि लागला असता तरी त्याचे ऐकले कोणी असते? पण त्या गदारोळात ज्यांनी सर्वांत जास्त शब्द खर्च केले, त्यांपैकी किती जणांच्या पायांत बाभळीच्या सालीत आणि हिरड्यात कमावलेल्या कातड्याची, खिळा न मारता चामड्याच्याच वादीने शिवलेली चप्पल होती? एक जोड पुरा व्हायला अनेक हात लागतात. तळ कापणारा निराळा, कान लावणारा निराळा. वेणी विणण्याचे बारीक काम बहुधा घरातल्या बायकांकडे. त्या बायकांची नावे मिलानच्या पत्रात नव्हती आणि अभिमानाच्या चित्रफितींतही नव्हती. कृत्रिम कातड्याची, यंत्रावर ठोकलेली नक्कल 'कोल्हापुरी' म्हणून देशभर विकली जाते, तिच्यावर असा गदारोळ कधी उठला नाही. परक्याने चोरी केली की अस्मिता जागी होते. घरच्याने केली की तो स्वस्त माल असतो.

महामंडळाने आता अस्सल जोडांवर क्यूआर खूण लावण्याचा उपक्रम घेतला आहे. मोबाईल धरला की चप्पल कोणी आणि कोठे केली ते दिसावे, असा हेतू आहे. जागतिक परिषदांत मिरवण्यासारखे हे तंत्र नाही. पण वारणेच्या लघुसंदेशाच्या जातीचे आहे. करणाऱ्याचे नाव वापरणाऱ्यापर्यंत जाते, एवढेच ते करते. मात्र ते नाव जायचे तर वेणी विणणारीचेही जावे.

अर्थपूर्ण काम हा शब्दप्रयोग अलीकडे फार ऐकू येतो आणि तो बहुधा चांगला पगार मिळवणाऱ्यांच्या तोंडून ऐकू येतो. हिंजवडीतला अभियंता रात्री दोन वाजता परदेशातील ग्राहकाच्या वेळेनुसार जागा असतो. एका अवाढव्य प्रणालीच्या एका कोपऱ्यातील चार ओळी दुरुस्त करणे हे त्याचे काम. ती प्रणाली कोणासाठी आहे हे त्याला नेमके माहीत नसते. २०२५ च्या जुलैत देशातील सर्वांत मोठ्या संगणक-सेवा कंपनीने, टीसीएसने, सुमारे बारा हजार माणसे कमी करण्याचे जाहीर केले तेव्हा कोल्हापुरातल्या अनेक घरांत त्या रात्री पुण्याला फोन गेले असतील. नोव्हेंबर २०२२ मध्ये 'चॅटजीपीटी' आल्यापासून लिहिणारी, हिशेब जुळवणारी, आज्ञावली रचणारी यंत्रे झपाट्याने सुधारत आहेत. ज्या चार ओळींसाठी गुंठे विकून मुलाला शिकवले त्या ओळी आता यंत्र लिहिते.

आणि डबा पोहोचवणाऱ्याचे? नीती आयोगाच्या २०२२ च्या अहवालानुसार अशा कंत्राटी, मंचांवरून मिळणाऱ्या कामावर २०२०-२१ मध्ये देशात ७७ लाख माणसे होती आणि २०२९-३० पर्यंत ती संख्या २ कोटी ३५ लाख होईल असा अंदाज आहे. सामाजिक सुरक्षा संहितेने त्यांची कायद्यात दखल घेतली; ती संहिता २१ नोव्हेंबर २०२५ रोजी अमलात आली. परंतु त्यांच्या कामाची खरी खोच पगाराहूनही वेगळ्या जागी आहे. त्यांना मुकादम नाही. फौंड्रीतला मुकादम शिव्या देई, पण त्याला तोंड होते. त्याच्याशी भांडता येई, युनियन त्याच्या दारात जाऊन बसे. मोबाईलमधल्या मुकादमाला तोंड नाही. तो काम देणे थांबवतो आणि का थांबवले ते सांगत नाही.

कळंब्याच्या कारागृहाची या संदर्भात आठवण होणे साहजिक आहे. 'सक्तमजुरी' हा आपल्या कायद्याच्या भाषेतला फार प्रामाणिक शब्द आहे. काम लादलेले आहे, हे तो लपवत नाही. त्या भिंतींच्या आत कापड विणले जाते, सुतारकाम होते, शिवणकाम होते, आणि अंबाबाईच्या प्रसादाचे लाडूही तेथील बंद्यांच्या हातांनी वळले गेले आहेत. ज्या हातांनी गुन्हा घडला त्याच हातांचा लाडू भाविक कपाळाला लावून खातो, याची एखाद्या बंद्याला जाणीव होत असेल तर त्या कामाला त्याच्यापुरता अर्थ आहे, मजुरी कितीही तुटपुंजी असो. आणि त्याच कारागृहात झडती घेतली की लपवलेले, कधी जमिनीत पुरलेले मोबाईल सापडतात, त्यावरून कर्मचाऱ्यांवर कारवाया होतात, अशा बातम्या कोल्हापूरकरांना नव्या नाहीत. बंद्याला मोबाईल कशाला हवा असतो? काहींना बाहेरची टोळी चालवायला हवा असतो, हे उघड आहे. परंतु पुष्कळांना तो ज्या कारणासाठी हवा असतो ते तलावाच्या बांधावरच्या मुलाहून फार निराळे नसावे: आपण अजून आहोत, हे कोणाला तरी कळावे.

कोल्हापुरात आयटी पार्क व्हावे ही मागणी बरीच वर्षे चालू आहे. जागांची नावे बदलतात, आश्वासने देणारे बदलतात. निवडणुकीच्या तोंडावर ती मागणी हमखास ताजी होते. पार्क अवश्य व्हावे. मुलगा रविवारी रात्रीच्या गाडीने पुण्याला न जाता संध्याकाळी कळंब्याला घरी आला, तर ते थोडके नाही. परंतु हिंजवडीतल्या त्याच चार ओळी येथे बसून लिहायच्या असतील तर फक्त भाडे वाचेल, आणि तेही यंत्राने त्या ओळी शिल्लक ठेवल्या तर.

शिरोलीच्या ओतकाम कारखानदाराला विचारावे, त्याची झोप कशाने उडते. मोल्डिंगच्या वाळूत ओलावा जरा कमी-जास्त झाला की ओतीव भागात हवेची पोकळी राहते, आणि ती पुष्कळदा कातकाम झाल्यावर, सगळा खर्च होऊन गेल्यावर दिसते. किती टक्के माल बाद झाला यावर त्या महिन्याचा नफा ठरतो. वाळूचा ओलावा, धातूचे तापमान, साच्याची पकड यांची नोंद क्षणोक्षणी ठेवणारे आणि माल बाद होण्याआधी सावध करणारे साधन स्वस्तात करून देणाऱ्या मुलांना येथे पहिल्या दिवसापासून गिऱ्हाईक आहे. अशा साधनासाठी संगणक जाणणारा लागतो तसाच वाळू मुठीत दाबून तिचा ओलावा सांगणारा मोल्डरही लागतो, आणि तो मोल्डर आज निवृत्तीला आला आहे. त्याच्या जागी बिहार-ओडिशातून आलेला तरुण उभा आहे. त्याला ती मूठ कोणी शिकवलेली नाही. औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत फिटर, टर्नर, मशिनिस्ट, वेल्डर यांचे वर्ग भरतात, अभियांत्रिकी महाविद्यालयांत संगणकाचे वर्ग भरतात, आणि या दोन वर्गांतली मुले एकमेकांना कधी भेटत नाहीत. भेटलीच तर तलावाच्या बांधावर, आपापल्या मोबाईलकडे पाहत.

दामले यंत्र जाणत होते आणि बाबूराव चित्र जाणत होते. ते एका खोलीत बसले तेव्हा कॅमेरा झाला. पार्कचा आराखडा जेव्हा केव्हा निघेल तेव्हा त्यात काचेच्या मनोऱ्यांबरोबर एक लेथ, एक छोटी भट्टी आणि चपला शिवणाऱ्याची रापी ठेवायलाही जागा असावी, आणि प्रशिक्षण संस्थेच्या मुलाला तेथे ओळखपत्राविना जाता यावे, एवढी अट कोल्हापूरकरांनी आताच घालून ठेवायला हरकत नाही.